सोळा संघ, एक मैदान

कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल बाहेरगावच्या माणसाशी बोलायला लागलं की तो हमखास विचारतो, आज तुमचा सामना घरच्या मैदानावर की दुसऱ्यांच्या? टीव्हीवर युरोपातल्या लीग बघणाऱ्याला हे विचारावंसं वाटणारच. इथं मात्र त्याला सरळ उत्तर देता येत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे आमच्या तोंडच्या केएसएच्या, वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात आणि सोळांचं मैदान एकच, छत्रपती शाहू स्टेडियम. जुन्या कोल्हापुरात तळी पुष्कळ होती. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी हे स्टेडियम उभं राहिलं. तळं कुणा एका पेठेचं नव्हतं, मैदानही नाही. दोन्ही संघ त्याच गेटातून आत येतात, त्याच उन्हात तापतात, आणि सामना संपला की त्याच रस्त्यांनी एकमेकांच्या गल्ल्या ओलांडत घरी जातात. कागदावर बघितलं तर इथं कुणालाच घर नाही. तरीही ज्यानं एक हंगाम त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर काढलाय तो सांगेल की इथला प्रत्येक सामना कुणा ना कुणाच्या घरचा असतो. वर्षानुवर्षं हे बघून माझं असं मत झालंय की घरचं मैदान ओळखीतून तयार होतं. खेळाडू बघणाऱ्याला ओळखतो, बघणारा खेळाडूला ओळखतो, आणि उद्या सकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडणार आहे हे दोघांनाही माहीत असतं. झेंडे, हलगी, घोषणा हे सगळं त्याच्या मागून येतं.

ही ओळख कुठून आली, तर तालमीतून. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ साली खासबाग मैदान झालं, पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या. पुढं याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. मंगळवार पेठेत पाटाकडील, बालगोपाल आणि प्रॅक्टिस, शिवाजी पेठेत शिवाजी तरुण, खंडोबा आणि संध्यामठ, रविवार पेठेत दिलबहार. शिवाय फुलेवाडी, जुना बुधवार, ऋणमुक्तेश्वर, पोलीस असे कितीतरी. म्हणजे पेठ एक आणि संघ तीन. सासर एका तालमीचं आणि माहेर दुसऱ्या तालमीचं, अशी घरं तर मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. तालीम फक्त संघ चालवत नाही. गणपती तिचाच, शिवजयंती तिचीच, २०१९ च्या महापुरात पाण्यात उतरलेली आणि जेवणाची पाकिटं वाटणारी पोरंही अशाच तालमी-मंडळांची. ज्या पोरानं गणपतीच्या वर्गणीची पावती फाडली, तोच डिसेंबरात राइट बॅकला उभा असतो. त्यामुळं त्याचा खेळ बघताना प्रेक्षकाला तिकिटाच्या पैशाचा हिशेब आठवत नाही, त्या पावतीचा आठवतो.

सामन्याचा दिवस म्हणूनच स्टेडियमच्या गेटावर सुरू होत नाही. तो सकाळी तालमीच्या कट्ट्यावर सुरू होतो. कुणाचा गुडघा सुजलाय, कुणाची दोन पिवळी कार्डं झाल्यानं तो आज बाहेर, कुणाची परीक्षा आहे, याची उजळणी तिथंच होते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्या बॅकनं पाळी बदलून घेतली की नाही, हा तर संघनिवडीतला खरा प्रश्न. इथं प्रशिक्षकाच्या वहीपेक्षा सुपरवायझरचा होकार महत्त्वाचा ठरतो, हे टीव्हीवरच्या फुटबॉलवर पोसलेल्या माणसाला पटायचं नाही. जुने खेळाडू, ज्यांना आता सगळे तात्या नाहीतर आण्णा म्हणतात, ते कट्ट्यावर बसून अकरा जण ठरवतात आणि प्रशिक्षक ती यादी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. दुपारी दुचाकींची रांग निघते, मागं बसलेल्याच्या हातात झेंडा, आणि स्टेडियमजवळ पोहोचेपर्यंत निम्म्या लोकांचे घसे बसलेले असतात. खेळाडूच्या पायाला चेंडू लागण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावर पेठेची नजर लागलेली असते. घरच्या मैदानाचा दबाव म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

स्टेडियमवर एका दिवशी बहुधा दोन सामने होतात. बघण्यासारखी वेळ म्हणजे पहिला संपून दुसरा सुरू होईपर्यंतची. पहिल्या सामन्यातल्या हरलेल्या संघाची माणसं खाली मान घालून पायऱ्या उतरत असतात, दुसऱ्या सामन्यातली वर चढत असतात, आणि त्या अरुंद जागेत चार तालमींची माणसं एकमेकांना खेटून जातात. कुणी भडंगाचा पुडा दुसऱ्याच्या हातात कोंबतो, कुणी हळूच खवचट काही बोलतो, कुणी ऐकूनही सोडून देतो. पाच-दहा मिनिटांत त्याच पायऱ्यांचा रंग बदलतो. ज्या गोलपोस्टच्या मागं मघाशी एका तालमीची हलगी कडाडत होती, तिथं आता दुसऱ्या तालमीची. जागा तीच, सिमेंट तेच, पण मैदान दुसऱ्याचं झालेलं असतं. याशिवाय एक तिसरा गट असतो, ज्याचा आजच्या दोन्ही संघांशी संबंध नाही. ही तिसऱ्या तालमीची माणसं कुणाकडून ओरडतात यावर पुष्कळदा आजचं घर कुणाचं ते ठरतं. आणि त्यांचा हिशेब साधा असतो: पुढच्या फेरीत आपल्याला कोण सोपा जाईल. तत्त्वनिष्ठेची अपेक्षा करणाऱ्यानं क्रिकेट बघावं.

गोलपोस्टच्या मागं बसणाऱ्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं, निदान छापण्यासारखं असतं तेवढं तरी. गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला की शिवी नुसती त्याला बसत नाही. "आरं, तुझा बा असता तर छातीवर घेतला असता!" ही हाक ऐकली की समजावं, बोलणाऱ्यानं बापाचा खेळही बघितलाय. दूरचा प्रेक्षक एवढं नेमकं टोचू शकत नाही. त्याला खेळाडूचा नंबर माहीत असतो, घराणं नाही. आणि त्याच गोलकीपरनं टायब्रेकरला शेवटची पेनल्टी अडवली, की तोच माणूस जाळीजवळ जाऊन सगळ्यात मोठ्यानं त्याच्या बापाचं नाव घेतो. टोमणा आणि कौतुक एकाच खात्यातून निघतात.

आता हा सगळा भावनेचा कारभार आहे, त्यानं खेळाच्या निकालावर काही फरक पडत नाही, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला कोल्हापूरच्या बाहेर जावं लागतं. कोरोनाच्या काळात जगभर रिकाम्या मैदानांवर फुटबॉल खेळला गेला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात ३८० सामन्यांपैकी यजमान संघांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. त्या लीगमध्ये याआधी असं कधी झालं नव्हतं. मैदानं तीच होती, गवताची लांबी-रुंदी तीच, पाहुण्यांचा प्रवास तोच. गेला होता तो फक्त प्रेक्षक. त्याच्याही आधी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या ४० पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ धडका-झटापटी व्हिडिओवर दाखवल्या होत्या, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांच्या कानावर आवाज पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. शाहू स्टेडियमवर पंचगिरी करणाऱ्या माणसाला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही, हा भाग वेगळा.

यावर चाणाक्ष वाचक विचारेल की यातून आवाजाचा प्रभाव सिद्ध झाला, ओळखीचा कुठं झाला? ही शंका मला रास्त वाटते. तिचं पुरतं निरसन आकड्यांनी होणार नाही, पण आपल्याच शेजारचं एक उदाहरण त्या दिशेनं बोट दाखवतं. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यात झाला. अकरा संघ, आणि मैदानं तीन: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. मैदानं वाटून घेण्याच्या बाबतीत ती लीग त्या वर्षी जवळजवळ कोल्हापूरसारखीच झाली होती. वेळापत्रकात मात्र प्रत्येक सामन्याला एक संघ यजमान आणि एक पाहुणा असं इमानेइतबारे छापलेलं असायचं, आणि टीव्हीवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाजही वाजायचा. बंगालचा एखादा संघ बांबोळीत केरळच्या संघाचा यजमान! कागद होता, मैदान होतं, आवाजही होता, पण त्याला घरचा सामना म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. शाहू स्टेडियमवर नेमकं उलटं आहे. कागदावर यजमान कुणी नाही, आणि तरी घर आहे. दोन्हीकडं सामाईक मैदानंच, मग या दोहोंतला फरक माणसांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यातच शोधावा लागतो. इटलीत मिलान आणि इंटर हे दोन मोठे क्लब पिढ्यानपिढ्या सान सिरो या एकाच स्टेडियमवर खेळत आलेत. तिथंही त्या दिवशी पायऱ्यांवर कुणाची माणसं जास्त, यावरच घर ठरतं. तेव्हा कोल्हापूरचं हे काही जगावेगळं नाही, आम्ही आपले उगाच सगळं जगात भारी समजतो.

ओळखीवर उभं राहिलेलं घर किती टिकतं, याचा पुरावा शोधायलाही फार लांब जायला नको. पुण्यात २००७ साली पुणे एफसी सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला, आणि २०१५ मध्ये बंद पडला. त्याच्या नंतर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ पर्यंत टिकला आणि मग ती जागा हैदराबादच्या संघाकडं गेली. बालेवाडीत जाऊन ओरडणाऱ्या त्या मुलामुलींच्या प्रेमात काही खोट नव्हती. पावसात, रहदारीत, शहराच्या टोकाला जाऊन त्यांनी संघाला साथ दिली. पण त्यांचं आणि संघाचं नातं मालकाच्या एका निर्णयावर लटकलेलं होतं. एका संध्याकाळी बातमी आली आणि घर मोडलं. गोव्यातही २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे नावाजलेले क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, त्यातला धेंपो तर पाच वेळा देशाचा विजेता झालेला. कोल्हापुरातली एखादी तालीम वर्षभर हरेल, खालच्या गटात जाईल, तिच्याकडं बुटांना पैसे नसतील, पण तिचं दुसऱ्या शहरात स्थलांतर होऊ शकत नाही. तिला विकत घेणारा कुणी आला तरी तो नेमकं काय विकत घेणार?

इथंच सगळ्यात अवघड आक्षेप पुढं येतो. तुम्ही ओळखीच्या गोष्टी सांगता, पण हंगाम सुरू होण्याआधी नोंदणीच्या दिवसांत काय चालतं? एका तालमीचा स्ट्रायकर दुसऱ्या तालमीत जातो, आकडे लाखांत बोलले जातात, नायजेरियातून, घानातून खेळाडू येतात. मग घर कुठं राहिलं? या आक्षेपाला झटकून टाकता येत नाही. परदेशी खेळाडूंबद्दल माझं म्हणणं असं की घर माणसं सामावून घेतं. हा खेळाडू पेठेतच भाड्याच्या खोलीत राहतो, कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी-पाव घेतो, आणि गल्लीतली पोरं त्याच्या दाराशी बसून असतात. तो कट्ट्याशी बोलायला लागला की पेठ त्याला आपला म्हणते आणि आपल्यासारखंच झोडपते. अडचण त्याची नाही, दर वर्षी झेंडा बदलणाऱ्या स्थानिक खेळाडूची आहे. पैसे घेऊ नयेत असं मी म्हणणार नाही. खेळाडूचं वय थोडं असतं, घर चालवायचं असतं, गुडघा गेला तर तालीम त्याला जन्मभर पोसत नाही. पण ज्या संघात गल्लीतले दोन-तीनच उरलेत, त्याचा प्रेक्षक फक्त रंगाकडं बघून ओरडायला लागतो, आणि रंगाकडं बघून ओरडणाऱ्याच्या तोंडाला लगाम राहत नाही. बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा हवीच, आणि ती कागदावरच्या नियमाहून कडक हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तालमीचा पदाधिकारी चषकाच्या हव्यासापायी ती पाळत नाही, हे दुःख आहे.

आणि हुल्लडबाजी. ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी राहिलेली नाही. मैदानात बाटल्या येतात, दगड येतात, सामने थांबतात, स्पर्धा अर्धवट गुंडाळाव्या लागल्यात, पोलिसांच्या लाठ्या बघणाऱ्या बापाच्या आणि पोराच्या पाठीत सारख्याच बसल्यात. म्हणजे ज्या ओळखीचं मी गुणगान करतोय तीच आग लावते, असं म्हणता येईल. अर्धं खरं आहे. अनोळखी शहरात हरलेला प्रेक्षक बसमध्ये बसून झोपी जातो. इथं हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर, त्याच कारखान्यात, कधी त्याच घरात जिंकलेल्याच्या समोर उभा असतो. पराभव त्याच्या मागं मागं येतो. पण दंगा कसा सुरू होतो ते नीट बघितलं तर उरलेलं अर्धं दिसतं. पायऱ्यांवर ज्याला शेजारची चार माणसं नावानं ओळखतात तो सहसा दगड उचलत नाही, कारण त्याचं नाव संध्याकाळच्या आत त्याच्या थोरल्या भावापर्यंत पोहोचतं. दगड गर्दीच्या मागच्या टोकाकडून येतो, जिथं कुणी कुणाला ओळखत नाही. त्याची तयारी तर आदल्या रात्रीच मोबाइलवर झालेली असते. एकमेकांच्या तालमीला खिजवणारे स्टेटस, खोट्या नावाची खाती, जुन्या भांडणांचे व्हिडिओ. तिथं बापाचं नाव घेऊन टोचणारा कुणी नसतो आणि आवरणाराही नसतो. ओळख जिथं संपते तिथं दंगा सुरू होतो, असं मी गेल्या काही हंगामांवरून म्हणतो. कुणाला हे भाबडं वाटलं तर त्यानं एक सामना पुढच्या पायऱ्यांवर आणि एक मागच्या टोकाला बसून बघावा.

मग उपाय कोणता? प्रत्येक गोंधळानंतर जाळी उंच करा, बंदोबस्त वाढवा, असं ऐकू येतं. बंदोबस्त नको असं कुणी म्हणत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ माणसं गेली, ती आठवण ठेवूनच बोललं पाहिजे. पण जाळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी १९८९ चं हिल्सबरोही आठवावं. प्रेक्षकांना जनावरांसारखं कोंडण्यासाठी उभ्या केलेल्या कुंपणाशी माणसं चिरडली, ९७ जीव गेले, आणि मग इंग्लंडनं ती कुंपणं उखडून काढली. गर्दीला बिनचेहऱ्याची समजून वागवलं की ती तशीच वागते. त्यापेक्षा तिला नावानं हाक मारावी. प्रत्येक तालमीनं सामन्याच्या दिवशी आपली जाणती माणसं अंगात ओळखू येईल असं जाकीट घालून पायऱ्यांवर, विशेषतः त्या मागच्या टोकाला बसवावीत. पोलिसांनी आधी त्यांच्याशी बोलावं, लाठी मग. यावर लगेच कुणीतरी म्हणेल, तालीमच आपल्या पोरांना पाठीशी घालते, पोलीस ठाण्यातून सोडवून आणायला पदाधिकारीच पुढं असतात. हे खरंय, आणि म्हणूनच शिक्षा पोराला नको, संघाला व्हावी. ज्या संघाच्या बाजूनं दगड आला त्याचे गुण कापा. १९८५ च्या हायसेल दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या सगळ्याच क्लबांना पाच वर्षं युरोपात खेळू दिलं नव्हतं, लिव्हरपूलला त्याहून एक वर्ष जास्त. निर्दोष क्लबही त्यात भरडले, इतकं टोक इथं गाठायची गरज नाही. पण तीन गुण गेल्यानं चषक हुकला, की ज्यानं दगड मारला त्याला कट्ट्यावर बसायला कुणी जागा देणार नाही. ती शिक्षा कुठल्याही कलमात बसत नाही आणि तिच्यावर अपीलही होत नाही.

एक आक्षेप शिल्लक राहतो. काही जण म्हणतात की पेठेच्या या प्रेमानं कोल्हापूरचा फुटबॉल पेठेतच अडकवला. इतकं वेड असलेल्या गावाचा एकही क्लब देशाच्या पहिल्या लीगमध्ये नाही. ज्यांना मोठं व्हायचं होतं त्यांना गाव सोडावं लागलं. निखिल कदम मोहन बागानकडून खेळला. अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडून २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. हे मला मान्य आहे, आणि त्यात प्रेक्षकाचाही वाटा आहे. आमच्या पायऱ्यांना सबुरी नाही. तीन पास मागं खेळले की "मार की रं!" सुरू होतं, मग पोरगं घाबरून चेंडू उंच भिरकावून देतं. पास रचत पुढं जाणारा खेळ त्यामुळं इथं रुजत नाही. फक्त एक लक्षात घ्यावं. या दोघांसारख्यांनी पहिल्यांदा चेंडूला पाय लावला तो या गावात, जिथं फुटबॉलपटू होणं ही पोरानं सांगावी आणि आईनं ऐकून घ्यावी अशी गोष्ट आहे. महाराष्ट्रातली बाकीची शहरं या बाबतीत कुठं आहेत ते बघितलं की कोल्हापूरच्या पायऱ्यांचं देणं कळतं. आणि ओळखीचं सोडून परक्याचं कौतुक आम्हाला येत नाही असंही नाही. विश्वचषक आला की पेठांवर अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे चढतात, मेस्सीचे आणि नेमारचे कटआउट दुमजली घरांच्या वर जातात. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना जिंकली तेव्हा चौकाचौकांत गुलाल उडाला. पण तिथंही कोणत्या चौकात ब्राझील आणि कोणत्या चौकात अर्जेंटिना, ते तालमीच ठरवतात. मेस्सीला आमच्यातला एकही माणूस ओळखत नाही, तरी त्या चौकातली माणसं एकमेकांना ओळखतात. त्यामुळं लुसैलमधला तो अंतिम सामनाही एका पेठेच्या घरचा होतो.

एवढं सगळं ओळखीवर तोललेलं असेल, तर अर्धी पेठ त्या पायऱ्यांवर दिसत नाही, याचं काय करायचं हे आता ठरवायला हवं. बायका सामन्याला येतात, पण बोटावर मोजण्याइतक्या. घरात कुणाचा मुलगा कुठल्या जागी खेळतो, कुणाचं लग्न कुणाशी ठरतंय, कुणाचा बाप किती चांगला गोलकीपर होता, हे सगळं त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. ज्या शिव्यांमुळं त्या येत नाहीत असं सांगितलं जातं, त्या शिव्या आई-बहीण शेजारी बसली तर अर्ध्या आपोआप थांबतील. मुली आता फुटबॉल खेळतायत, पण त्यांचे सामने वेगळ्या दिवशी, रिकाम्या पायऱ्यांपुढं होतात. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी प्रत्येक तालमीनं आपला मुलींचा संघ नोंदवावा, आणि केएसएनं त्यांचे सामने त्याच दिवशी, मोठ्या सामन्याच्या आधी, त्याच मैदानावर ठेवावेत. पाटाकडील आणि दिलबहारच्या मुली समोरासमोर आल्या तर त्या दुपारी स्टेडियममध्ये जागा मिळायची नाही.